घरातले ध्वनिमुद्रण : तारेची जोड आणि संदेशाची पातळी

उज्जैन म्हटले की मराठी माणसाला महाकाल आठवतो आणि कालिदास आठवतो. राणोजी शिंद्यांच्या काळापासून तेथे मराठी कुटुंबे राहत आली आहेत, ही गोष्ट त्यामानाने कमी ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला नेले. पण उज्जैनची सगळी मराठी घरे काही त्यांच्यामागे गेली नाहीत. अशा घरातल्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, गौरीची गाणी येतात आणि शेजारणीकडून उचललेले एखादे माळवी लग्नगीतही येते. उज्जैनपासून चाळीस किलोमीटरांच्या आत देवास आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली हवापालटासाठी तेथे आले आणि कायमचे तेथलेच झाले. माळव्यातल्या लोकधुना ऐकून त्यांनी त्यांतून धुनउगम राग उभे केले. या अंकाच्या मराठी आणि कानडी दोन्ही विभागांना त्यांच्यावर सारखाच हक्क सांगता येईल. सांगावयाचा मुद्दा एवढाच की त्या प्रदेशात गळ्यागळ्यांत पुष्कळ काही साठलेले आहे आणि ते गळे थकत चालले आहेत.

असे गाणे मुद्रित करून ठेवण्यास आज मोठा स्टुडिओ लागत नाही. एक बरा माइक, संगणकाला जोडावयाची दोन वाहिन्यांची इंटरफेस-पेटी आणि घरातली एक शांत खोली एवढ्यावर काम होते. पण गाणारी व्यक्ती ऐंशीच्या पुढची असते. ती पुढच्या सुटीत पुन्हा गाईलच, असे धरून चालता येत नाही. आणि असे मुद्रण बिघडते ते बहुधा यंत्र स्वस्त होते म्हणून नव्हे, तर तारा चुकीच्या ठिकाणी जोडल्या म्हणून. तेव्हा या लेखात यंत्रांच्या निवडीची चर्चा न करता तारा आणि पातळी यांविषयीच लिहावयाचे योजिले आहे.

पहिली अडचण अशी की प्लग भोकात बसला की जोडणी बरोबर झाली, असे आपण समजतो. विजेच्या दिव्याच्या बाबतीत हे खरे आहे. ध्वनीच्या बाबतीत नाही. पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीचा जो प्लग सर्वत्र दिसतो, तो मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑपरेटर हाताने जोड लावीत असत, तेव्हा तो घडला. पुढे ज्याला त्याला तो सोयीचा वाटला आणि आज त्याच प्लगातून निदान सहा निरनिराळ्या गोष्टी वाहतात : माइकचा संदेश, गिटार किंवा सतारीवर चिकटवलेल्या पिकअपचा संदेश, मिक्सरमधून निघणारा साधा लाइन संदेश, संतुलित लाइन संदेश, हेडफोनचा डावा-उजवा जोड संदेश आणि अँप्लिफायरमधून स्पीकरकडे जाणारा प्रवाह. माइकवर हळू आवाजात बोलले तर मिलिव्होल्टचा दहावा हिस्साही मुश्किलीने निघतो. १०० वॉटचा अँप्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने २८ व्होल्ट देतो. दोहोंत दोन-तीन लाख पटींचा फरक आहे, प्लग मात्र एकच. मंगळसूत्र आणि म्हशीचे दावे एकाच खुंटीला अडकवावे, तशातला हा प्रकार आहे.

एवढे मोठे फरक साध्या आकड्यांनी सांगणे गैरसोयीचे म्हणून डेसिबेल वापरतात. डेसिबेल हे माप नव्हे, गुणोत्तर आहे. विद्युतदाब दुप्पट झाला की ६ डेसिबेल, दसपट झाला की २०, शंभरपट झाला की ४० आणि हजारपट झाला की ६०. गुणोत्तर म्हटले की ‘कशाच्या मानाने’ हा प्रश्न आलाच. येथे उज्जैनचाच दाखला घेता येतो. सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेतले आपले ज्योतिषी लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा शून्य धरून देशान्तर मोजीत. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रीनिचची रेषा शून्य ठरविली. ग्रीनिचवरून मोजले तर उज्जैनचे रेखांश पाऊणशे अंशांहून थोडे अधिक भरतात. जुन्या हिशेबाने ते शून्य. जागा तीच, मोजण्याचा आरंभ वेगळा. डेसिबेलपुढे जे अक्षर लावतात, ते हा आरंभ सांगते. डीबीव्ही म्हणजे १ व्होल्टच्या मानाने, डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्टच्या मानाने. यंत्रावर नुसते ‘+४’ आणि ‘–१०’ लिहिलेले पाहून फरक १४ डेसिबेलचा आहे असे पुष्कळजण समजतात. पण पहिला आकडा डीबीयूतला आहे आणि दुसरा डीबीव्हीतला. +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, –१० डीबीव्ही म्हणजे ०.३२ व्होल्ट. खरा फरक पावणेबारा डेसिबेलचा, म्हणजे सुमारे चौपटीचा.

पहिली पातळी व्यावसायिक यंत्रांची, दुसरी घरगुती. घरगुती कॅसेट-डेक व्यावसायिक इनपुटला जोडला तर आवाज बारीक येतो. तो वाढविला की थोडी खरखर वाढते, पण काम भागते. उलट जोडले तर मात्र घरगुती यंत्राला सोसवेल त्याच्या चौपट दाब येतो आणि आवाज फाटतो. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेताना हे आधी पाहावे, कारण एकेक पट्टी एकदाच नीट फिरेल अशा अवस्थेत असते.

याहून वाईट गोष्ट मोबाईलच्या बाबतीत घडते. गणपतीच्या मांडवातल्या मिक्सरमधून तार काढून ती सरळ मोबाईलच्या माइक-जोडणीत घालतात. तेथे काही मिलिव्होल्टांची अपेक्षा असते आणि येतो व्होल्टभर. मग भजनाऐवजी करवतीचा आवाज मुद्रित होतो. उपाय दोन-चार रुपयांचा आहे. मिक्सरच्या तारेला ओळीने १० किलो-ओहमचा रोधक लावावा, पलीकडच्या टोकापासून जमिनीच्या तारेकडे १०० ओहमचा रोधक द्यावा आणि या दोहोंच्या सांध्यावरून संदेश घ्यावा. दाब १०१ पटींनी, म्हणजे ४० डेसिबेलने उतरतो, १.२३ व्होल्टचे १२ मिलिव्होल्ट होतात. मोबाईलच्या त्या जोडणीतून कॅप्सूल-माइकसाठी थोडा स्थिर दाबही बाहेर येत असतो. तो अडविण्यासाठी मध्ये एक कपॅसिटर घालावा. प्रयोगशाळेत डाग देण्याची सवय असलेल्या कोणाही विद्यार्थ्याला हे अर्ध्या तासात जमावे.

आता माइककडे येऊ. ध्वनीचा दाब १ पास्कल असताना साधा डायनॅमिक माइक सुमारे २ मिलिव्होल्ट देतो. १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबेलचा आवाज; मोकळ्या गळ्याच्या गायकाला माइक वीतभर अंतरावर असताना एवढा आवाज सहज काढता येतो. आजीबाई ओवी म्हणतात ती गुणगुणल्यासारखी. माइक हात-दीड हात दूर असेल तर तेथे ७० डेसिबेल पोहोचले तरी पुष्कळ. हा फरक २४ डेसिबेलचा, म्हणून दोन मिलिव्होल्टांचे सव्वा दशांश मिलिव्होल्ट झाले. त्याला व्यावसायिक लाइन पातळीवर आणावयाचे तर ८० डेसिबेलची वाढ हवी. स्वस्त पेटीत ५०-५५ डेसिबेल मिळतात, आणि शेवटच्या पाच-सात डेसिबेलांत तिचा स्वतःचा ‘सूंऽऽ’ आवाज वर येतो.

येथे लोक नवी पेटी घेण्याचा विचार करू लागतात. त्याआधी माइक पुढे सरकवावा. अंतर निम्मे केले की सुमारे ६ डेसिबेल मिळतात, पाव केले की १२. आणि ही वाढ खरखरीशिवाय मिळते. १९२५ पूर्वी, विजेवरचे ध्वनिमुद्रण येण्याआधी, कर्ण्यात गाऊन तबकड्या तयार होत. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे घेतले ते असेच. त्या यंत्रात वाढविण्याची कळ नव्हतीच. गायकाने कर्ण्यापासून किती अंतरावर राहावे, हीच त्या काळची पातळी. सव्वाशे वर्षांनंतरही पहिली कळ तीच आहे. दुसरा मार्ग कंडेन्सर माइकचा. तो त्याच आवाजाला १० ते २० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १४ ते २० डेसिबेल फुकट. त्याला पेटीकडून ४८ व्होल्टचा दाब लागतो आणि तो तीन पिनांच्या संतुलित तारेतूनच नीट जातो. घरच्या कराओके माइकची एकेरी तार येथे चालणार नाही.

पातळी ठेवावयाची किती? पट्टीच्या दिवसांत खरखरीच्या वर राहण्यासाठी काटा लाल रेघेपर्यंत नेत असत. चोवीस बिटांच्या मुद्रणात ती गरज राहिलेली नाही. तेथे शून्य हे छत आहे. त्यावर गेलेला स्वर कापलाच जातो आणि नंतर कोणत्याही युक्तीने पूर्ववत होत नाही. सरासरी –१८ ते –२० वर आणि उंच शिखरे –१२ च्या आसपास ठेवावीत. चाचणी घेताना माणसे संकोचून हळू गातात आणि प्रत्यक्ष गाताना रंगतात. तबलजी तर चाचणीला कधीच खरा हात लावीत नाही. त्यासाठीच वर जागा सोडावयाची.

आता संरोध, म्हणजे इम्पिडन्स. बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याला महत्तम शक्तीचा सिद्धान्त पाठ असतो : भाराचा रोध उगमाच्या रोधाइतका असला की सर्वांत अधिक शक्ती पोहोचते. म्हणून तो माइकच्या १५० ओहमला १५० ओहमचाच इनपुट शोधू लागतो. सिद्धान्त खरा आहे, वापर चुकीचा आहे. आपल्याला शक्ती नको आहे, दाब हवा आहे. रोध समान ठेवले तर निम्मा दाब उगमातच खर्ची पडतो. ६ डेसिबेल गेले. इनपुट दसपट, म्हणजे १५०० ओहम ठेवला तर अकरांतले दहा हिस्से पोहोचतात आणि एक डेसिबेलही जात नाही. म्हणून आजची रीत अशी : देणारा कमी रोधाचा, घेणारा दसपट किंवा त्याहून अधिक रोधाचा.

मग ‘६०० ओहम’ हा आकडा जुन्या यंत्रांवर का दिसतो? तोही टेलिफोनकडून आला. ६०० ओहममध्ये १ मिलिवॉट शक्ती म्हणजे ०.७७५ व्होल्ट, वर डीबीयूचा जो आरंभबिंदू सांगितला तो हाच. दोन गावांमधल्या तारेला रोध जुळविणे खरोखरच आवश्यक होते. तारेतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो असे धरले तर २०,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी १० किलोमीटर भरते. उज्जैनहून देवासपर्यंत तार टाकली तर तीत तीन-साडेतीन लाटा मावतील, आणि टोक जुळले नाही तर संदेश परावर्तित होऊन मागे येईल. माजघरापासून ओसरीपर्यंतच्या दहा मीटरांत मात्र लाटेचा हजारावा भाग मावतो. तेथे जुळवणीची बाब उरतच नाही. अंकीय संदेश मेगाहर्ट्झमध्ये जातो, त्याची लाट काही दशक मीटरांचीच असते. म्हणून तेवढ्या एका कामासाठी ७५ किंवा ११० ओहमची ठरावीक केबलच घ्यावी. घरी सहसा तशी वेळ येत नाही.

रोधाचे दुर्लक्ष खरे बाधते ते पिकअपला. तंबोऱ्याच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीला चिकटविण्याची पिझो चकती असते. ती जणू एका लहान कपॅसिटरमधून, समजा एक नॅनोफॅरडमधून, संदेश देते. ती १० किलो-ओहमच्या लाइन इनपुटला लावली तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचे सर्व उतरत जाते. राहते ती तारेवरची चरचर. खर्ज पार जातो. वाद्याच्या खुणेच्या १ मेगाओहम इनपुटला लावली तर ही मर्यादा १६० हर्ट्झवर येते, आणि १० मेगाओहमचा पूर्व-अँप्लिफायर मध्ये घातला तर १६ वर. चकतीत दोष नसतो, तंबोराही बिचारा चांगलाच असतो.

स्पीकरच्या तारेविषयी थोडक्यात. तेथे दाबापेक्षा प्रवाहाचे महत्त्व आहे, म्हणून तार जाड हवी, जाळीची गरज नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार दहा मीटर नेली तर जाता-येता पाऊण ओहमच्या आसपास रोध होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो थोडा नव्हे. माइकची जाळीदार बारीक केबल येथे लावू नये आणि स्पीकरची उघडी तार माइकला लावू नये. दुसऱ्या चुकीचा परिणाम लगेच ऐकू येतो, तो म्हणजे गुणगुण.

या गुणगुणीवर थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या संगीताला ती विशेष जाचते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. गुणगुण येते ती ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर. पांढरी एकच्या गायकाचा षड्ज १३०.८ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम ९८.१ हर्ट्झचा. त्याच्या शेजारी १०० हर्ट्झची गुणगुण बसली की सेकंदाला दोन ठोके पडतात आणि पंचम हलल्यासारखा वाटतो. काळी एकला पंचम १०३.९ वर, म्हणजे ठोके चार. काळी चारला गाणाऱ्या बाईंचा मंद्र पंचम १५५.७ वर आणि गुणगुण १५० वर. तेथे ठोके वेगळे मोजता येत नाहीत, नुसता खडबडीतपणा येतो. चित्रपटगीताच्या वाद्यमेळात लपणारा दोष तंबोऱ्यापुढे लपत नाही. जुळवलेला तंबोरा वारंवार तपासला जातो, खुंट्या पिळल्या जातात, आणि बेसूर असते ती तार भिंतीतली.

संतुलित केबल हा त्यावरचा मुख्य उपाय. तीत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा आणि भोवती जाळी असते. एका तारेतून संदेश सुलटा जातो, दुसरीतून उलटा. वाटेत शिरणारी गुणगुण दोन्हींवर सारखीच शिरते. पलीकडचे यंत्र दोहोंची वजाबाकी करते; संदेश दुप्पट होतो, गुणगुण उडते. एकेरी तारेला ही सोय नाही, म्हणून ती दोन-तीन मीटरांपलीकडे नेऊ नये. दुसरे असे की सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत. एक यंत्र माजघरातल्या आणि दुसरे ओसरीवरच्या सॉकेटवर असले की दोन्ही अर्थिंगमधला थोडासा फरक केबलच्या जाळीतून वाहू लागतो. लॅपटॉप तेवढा वेळ बॅटरीवर चालवावा. दिव्याचा डिमर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करावा. वीज गेल्यावर चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर मुद्रण करू नये. त्याची भुणभुण थेट वरच्या स्वरांपर्यंत पोहोचते.

गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. गुणगुण कधी कधी खरोखर थांबतेही. पण त्या क्षणापासून यंत्रात बिघाड झाल्यास २३० व्होल्ट जाण्याला उरलेली वाट म्हणजे माइक धरलेला हात. असे कदापि करू नये. तोडावयाचीच असेल तर संदेशाच्या केबलची जाळी एका टोकाला तोडावी, किंवा मध्ये विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थिंगला हात लावू नये.

शेवटी एक सापळा, जो सर्वांत सभ्य दिसतो. मिक्सरचा संतुलित आउटपुट तीन कप्प्यांच्या प्लगचा असतो. लहान रेकॉर्डरचा स्टिरिओ इनपुटही तीन कप्प्यांचा. तार घातली की बसते, दोन्ही काटे हलतात, हेडफोनवर आवाजही येतो. थोडा पोकळ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा, पण येतो. प्रत्यक्षात डाव्या वाहिनीत सुलटा आणि उजवीत उलटा संदेश मुद्रित झालेला असतो. पुढे नातवंडे ते गाणे मोबाईलच्या एका स्पीकरवर लावतात. तेथे डावे-उजवे एकत्र होते, अधिक आणि उणे मिळून शून्य येते, आणि आजीचा आवाज नाहीसा होतो. म्हणून पहिल्या मिनिटाचे मुद्रण एकदा एकाच स्पीकरवर, मोनो करून ऐकावे आणि मगच पुढे गाण्यास सांगावे. मुद्रण आधीच तसे झालेले असेल तर मूळ फाइल टाकून देऊ नये. संगणकावर दोहोंपैकी एक वाहिनी उलटवावी, म्हणजे आवाज जागच्या जागी परत येतो. पातळी अतिशय उंच जाऊन स्वर कापला गेला नसेल, तर त्यातले काहीही गेलेले नसते.